बापाला पुसून टाकणारे पालकत्व

दूरदेशीच्या एखाद्या गरजू मुलाचे पालकत्व घ्या, दरमहा ठरावीक रक्कम पाठवा, त्या मुलाचे छायाचित्र आणि त्याच्या हातचे पत्र तुमच्या घरी येईल. हे आवाहन पाश्चात्त्य देशांत गेली ऐंशीहून अधिक वर्षे केले जात आहे. अलीकडच्या काही दशकांत त्याला आणखी एक जोड मिळाली. नुसते पैसे पाठवून थांबू नका. स्वतः या, दात्यांनी पाठवलेली मदत मुलांच्या हाती आपल्या हाताने द्या, पंधरा दिवस त्यांना इंग्रजी शिकवा, त्यांच्याशी खेळा आणि समाधानाने घरी जा. या प्रवासाला ‘स्वयंसेवा’ असे नाव आहे. त्यासाठी प्रवासी कंपन्या आहेत, दरपत्रके आहेत, शेवटी प्रमाणपत्रही आहे. नेपाळमधील अथवा कंबोडियातील अनाथालयात घालवलेला पंधरवडा परदेशी विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात शोभून दिसतो, हे आता पुण्या-मुंबईतील सुखवस्तू पालकांनाही कळू लागले आहे.

पैसे पाठवणाऱ्या सामान्य माणसाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या पगारातून दरमहा काही डॉलर बाजूला काढणारी वृद्ध शिक्षिका किंवा सुट्टीत स्वखर्चाने जाणारा तरुण यांच्या मनात करुणा असते. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे व्यवस्था शुद्ध होत नाही. या व्यवस्थेला एकच प्रश्न विचारायला हवा. छायाचित्रात मूल आहे, पत्रात दाता आहे, अहवालात संस्था आहे. मग त्या मुलाचे आई-बाप कोठे आहेत?

एका बापाच्या चिठ्ठीपासून

या कल्पनेचा उगम पाहिला तर विसंगती अधिकच जाणवते. १९३७ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले असताना जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराने निर्वासित मुलांसाठी ‘फॉस्टर पेरेंट्स प्लॅन’ सुरू केला. आज ‘प्लॅन इंटरनॅशनल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या इतिहासात एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. एका मुलाजवळ त्याच्या वडिलांची चिठ्ठी सापडली. शहर शत्रूच्या हाती पडल्यावर आपल्याला गोळी घातली जाईल हे त्या बापाला ठाऊक होते, आणि ज्याला हा मुलगा सापडेल त्याने त्याचा सांभाळ करावा, अशी त्याची विनंती होती. म्हणजे या योजनेच्या उंबरठ्यावरच एक बाप उभा होता. त्याने आपले मूल समजून-उमजून, नाइलाजाने, दुसऱ्याच्या हाती सोपवले होते.

पुढे १९३८ साली चिनी मुलांसाठी अमेरिकेत ‘चायनाज चिल्ड्रन फंड’ निघाला. कोरियन युद्धाच्या काळात, १९५० साली बॉब पिअर्स यांनी ‘वर्ल्ड व्हिजन’ आणि १९५२ साली एव्हरेट स्वॉन्सन या धर्मोपदेशकांनी ‘कम्पॅशन’ची मुहूर्तमेढ रोवली. त्या वेळची मुले युद्धाने पोरकी केलेली होती. त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहिले असेल तर त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे.

परंतु युद्धे संपली, पोरकी मुले मोठी झाली, तरी योजना थांबली नाही. ती युद्ध नसलेल्या देशांत गेली. तेथील मुले गरीब होती, पण अनाथ नव्हती. शब्द बदलला, ‘अनाथ’ऐवजी ‘गरजू’ आला. साचा मात्र तोच राहिला: एक दाता, एक मूल, एक छायाचित्र. या साच्यात हातावर पोट असलेल्या बापाला आणि रोजावर जाणाऱ्या आईला जागाच नव्हती. दूरच्या शहरातील अनोळखी माणूस ‘पालक’ झाला आणि जन्मदाता बाप त्या कथेतून पुसला गेला.

छायाचित्रामागचा हिशेब

ही यंत्रणा चालते कशी? मुलाची निवड होते, त्याचे छायाचित्र काढले जाते, त्याला क्रमांक मिळतो, त्याची धारिका तयार होते. दात्याला ठरावीक काळाने पत्र जावे लागते. त्यासाठी मुलाला बसवून पत्र लिहून घेणारा कर्मचारी लागतो, भाषांतर करणारा लागतो, त्यात आक्षेपार्ह काही नाही ना हे तपासणारा लागतो. दात्याच्या पैशातील काही वाटा ही कृतज्ञता गोळा करण्यातच खर्ची पडतो. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र याहून खिन्न आहे. एकाच घरातील एका भावाला ‘पालक’ मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. एकाला भेटवस्तू येते, शेजारचा बघत बसतो. आणि ज्याला मिळते, त्याला आपण कोणाचे तरी देणे लागतो हे वयाच्या सहाव्या वर्षीच शिकवले जाते.

ही टीका केवळ राष्ट्रवादी विचाराच्या लोकांनी केलेली नाही. ब्रिटनमधील ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या डाव्या वळणाच्या मासिकाने १९८२ सालीच या पद्धतीवर कठोर अंक काढला होता आणि वाचकांना अशा पालकत्वापासून दूर राहण्याचे आवाहन केले होते. १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने तर या व्यवसायाची झडतीच घेतली. वृत्तपत्राशी संबंधित व्यक्तींनी चार मोठ्या संस्थांमार्फत बारा मुलांचे पालकत्व घेतले आणि नंतर वार्ताहर त्या मुलांना प्रत्यक्ष शोधत गेले. काही मुलांच्या पदरी फारच थोडे पडले होते. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातील एक मुलगी तर मरण पावली होती. तिच्या मृत्यूनंतरही दात्याकडून पैसे घेतले जात होते. मूल जगात उरले नाही, हे दात्याला संस्थेकडून नव्हे, तर वार्ताहरांच्या पायपिटीतून कळले. छायाचित्र तेवढे भिंतीवर हसत राहिले.

यानंतर मोठ्या संस्थांनी आपली भाषा बदलली. आता त्या सांगतात की, पैसे एकट्या मुलाला दिले जात नाहीत. ते गावाच्या विकासाला वापरले जातात. हे योग्यच आहे. परंतु मग जाहिरातीत एका मुलाचाच चेहरा कशासाठी? विहिरीसाठी पैसे हवे असतील तर विहिरीचे चित्र का छापत नाहीत? उत्तर सरळ आहे. विहिरीसाठी खिसा उघडत नाही, मुलाच्या डोळ्यांसाठी उघडतो. २०१९ साली ‘वर्ल्ड व्हिजन’ने एक नवीच प्रथा सुरू केली: दात्यांची छायाचित्रे गावात टांगायची आणि मुलांनी त्यांतून आपला दाता निवडायचा. यामुळे मुलाला सन्मान मिळतो, असा त्यांचा दावा आहे. बाजारातील ग्राहक आणि वस्तू यांच्या जागा अदलाबदल केल्या म्हणून बाजार मोडत नाही.

अनाथांना मागणी आली

पालकत्वाच्या पत्रव्यवहारात निदान अंतर तरी होते. मदत घेऊन जाणारा दाता स्वतःच दारात उभा राहू लागला, तेव्हा अनर्थ वाढला. पाहुण्याला अनाथ मुले पाहायची असतात, तेव्हा अनाथ मुले पुरवणारे निर्माण होतात.

कंबोडियाचे उदाहरण बोलके आहे. तेथील समाजकल्याण मंत्रालय आणि युनिसेफ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१० या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्था १५४ वरून २६९ वर गेल्या. या काळात देशात युद्ध नव्हते, महामारी नव्हती. वाढले होते ते पर्यटक आणि परदेशी देणग्या. संस्थांमधील चारपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब आई-बापांना सांगितले गेले की, मुलाला शिक्षण मिळेल, पोटभर अन्न मिळेल. आणि मूल उचलून आणले गेले. पाहुणे आले की त्याने नाचून दाखवायचे, गळ्यात पडायचे, निरोप देताना रडायचे. पंधरा दिवसांनी नवे पाहुणे, नवा गळा, नवे रडणे. माया लावून निघून जाणाऱ्या माणसांची ही रांग मुलाच्या मनावर कोणते घाव करते, हे बालमानसशास्त्राचे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९ मधील बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांची दखल घेतली. त्याआधी, २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा होताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची गंभीर चर्चा झाली होती.

आता आपल्या शेजारी, नेपाळकडे वळू. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत तेथे माओवाद्यांचे सशस्त्र बंड चालू होते. माओवादी घरटी एक मूल मागत. कर्णालीच्या डोंगरांतील हुम्ला जिल्ह्यात, जेथे मोटाररस्ताही पोहोचला नव्हता, तेथे दलाल गेले आणि म्हणाले, ‘तुमची मुले काठमांडूत सुरक्षित ठेवतो, शिकवतो.’ आई-बापांनी जमिनी गहाण टाकून, पैसे उसने घेऊन दलालांच्या हाती मुले दिली. त्या मुलांतील कित्येक जण पुढे काठमांडूच्या बालगृहांत परदेशी पाहुण्यांपुढे ‘अनाथ’ म्हणून उभे केले गेले. कोणाच्या नावावर आई-बापांच्या मृत्यूचे खोटे दाखले होते. कोणाची नावे बदलली होती. नेपाळमधील बहुसंख्य बालगृहे दुर्गम, दरिद्री जिल्ह्यांत नाहीत. ती काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. अनाथ मुले पर्यटनस्थळीच अधिक जन्माला येतात की काय, असा प्रश्न पडावा!

याच हुम्लातील मुलींची एक कथा भारताच्या भूमीवर उघड झाली. २०११ साली तमिळनाडूतील कोइंबतूरजवळच्या एका ख्रिस्ती संस्थेतून वीसहून अधिक नेपाळी मुलींची सुटका करण्यात आली. या मुलींची ओळख दात्यांना कशी करून दिली गेली होती? माओवाद्यांनी ठार मारलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या अनाथ कन्या म्हणून! वास्तविक त्यांची कुटुंबे ख्रिस्ती नव्हती. त्यांचे आई-वडील मारले गेले नव्हते. ते डोंगरात आपल्या लेकींच्या निरोपाची वाट पाहत होते. मुलींना नवी ख्रिस्ती नावे मिळाली होती, नवे पालक मिळाले होते, मेलेला कल्पित बापही मिळाला होता. फक्त जिवंत खरा बाप तेवढा हिरावून घेतला गेला होता. परदेशातील भाविक दात्याने पाठवलेला पैसा सद्भावनेचा होता. त्या पैशाने जे विकत घेतले गेले ते मात्र असत्य होते.

आपली करुणा कायद्याहून मोठी आहे, असे एकदा मानले की माणूस कोठवर जातो, याचेही दाखले आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘आर्श द झोए’ या फ्रेंच संस्थेच्या स्वयंसेवकांनी आफ्रिकेतील चाड देशातून १०३ मुले विमानाने फ्रान्सला नेण्याचा प्रयत्न केला. ही दार्फुरची अनाथ मुले आहेत, असे फ्रान्समधील कुटुंबांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बहुतेक मुले चाडचीच होती आणि त्यांचे आई-बाप हयात होते. जानेवारी २०१० मध्ये हैतीतील भूकंपानंतर अमेरिकेतील दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. येथेही बहुतेकांचे आई-बाप जिवंत होते. मूल गरीब आहे, एवढ्यावरून ते आपले आहे असे कोणाला वाटू शकते, हा केवळ व्यक्तीचा प्रमाद नव्हे. गरिबाचे घर हे घरच नव्हे, असे मानणाऱ्या दृष्टीचे ते फळ आहे.

भाकरीला चिकटवलेली अट

या दृष्टीचा परिचय महाराष्ट्राला नवा नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत अमेरिका-इंग्लंडमधून मदत आली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी जमवली आणि १९०० साली ‘क्विटो’ जहाजातून मका मुंबईला पाठवला. मिशनांच्या अनाथालयांतील दुष्काळपीडित मुलांचा वार्षिक खर्च उचलणारे दाते परदेशातून मिळवले जाऊ लागले. आजच्या पालकत्व योजनेचे ते पूर्वरूपच होते. मुले वाचली, हे खरे. पण वाचलेली मुले आपल्या कुळाला, गावाला, देवाला पारखी होऊन वाचली, हेही खरे.

भुकेल्या मुलाला भाकरी कोणी दिली याने काय बिघडते, असा प्रश्न सुधारक मंडळी विचारतात. तो त्यांनी उलट बाजूने विचारून पाहावा. भाकरीला धर्म नसतो, तर ती देताना धर्म कशाला लागतो? ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही संस्था गरिबीतून मुलांना येशूच्या नावाने मुक्त करण्याचे ब्रीद उघडपणे मिरवते आणि आपले काम स्थानिक चर्चमार्फतच करते. यात लपवाछपवी नाही, हे मान्य करायला हवे. पण ज्या घरात दुसरे देवघर आहे, त्या घरच्या सात वर्षांच्या मुलाने ती अट समजून घेऊन स्वीकारली, असे कोण म्हणेल?

निष्पक्षपणे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच संस्थेच्या कामाचा भारतासह सहा देशांतील अभ्यास प्रसिद्ध केला. पालकत्व मिळालेली मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली, असे त्यात आढळले. मदतीचा उपयोगच होत नाही, असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. वह्या, गणवेश, दवाखाना, शिकवणी यांनी मूल पुढे जाते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारले तरी कळेल. आक्षेप मदतीवर नाही. मदतीबरोबर वसूल होणाऱ्या किमतीवर आहे. वह्या, दवाखाना आणि शिकवणी हे सारे आई-बापांना बाजूला न सारता, मुलाचा चेहरा न विकता आणि त्याचे देवघर न हलवता देता येते. मग तसे का दिले जात नाही?

आपल्याकडे दानाचा विचार फार बारकाईने झाला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे परतफेड करू शकणार नाही अशाला, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेले दान सात्त्विक. उलट काही मिळावे म्हणून दिलेले राजस. आणि घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले तामस. या कसोटीवर छायाचित्र आणि आभारपत्र यांच्या बदल्यात दिलेले दान राजस ठरते. मुलाच्या आई-बापांना नालायक ठरवून, त्यांच्या श्रद्धेला अंधार म्हणून दिलेले दान तामसाच्या कोटीत जाते. श्रीरामकृष्णांनी तर दया हा शब्दच नाकारला. जीवावर दया करणारे आपण कोण, जीवाला शिव मानून त्याची सेवा करायची, हा त्यांचा बोध स्वामी विवेकानंदांनी उचलला आणि १८९७ साली रामकृष्ण मिशनच्या रूपाने उभा केला. दया करणारा उंचावर उभा असतो. सेवक खाली बसून पाय धुतो. दोघांच्या हातांतील भाकरी एकच असली तरी घेणाऱ्याच्या मानेला हा फरक कळतो.

दार बंद झाले, पुढे काय?

आता प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. २०१६ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने ‘कम्पॅशन’कडून येणाऱ्या निधीसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक केली आणि मार्च २०१७ मध्ये या संस्थेने भारतातील आपले काम थांबवले. धर्मांतरणाचा आरोप संस्थेने नाकारला; परंतु तिच्याकडे सुमारे १ लाख ४५ हजार भारतीय मुलांची नोंद होती, याविषयी वाद नाही. परकीय निधीवर देशाच्या कायद्याचा अंकुश असलाच पाहिजे. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याने आणि त्यातील २०२० च्या सुधारणेने तो अधिक आवळला, हे स्वागतार्हच आहे.

परंतु त्या बातमीवर समाधानाचा सुस्कारा टाकणाऱ्या किती शाखांनी, किती मंडळांनी, आपल्या जिल्ह्यात त्या मुलांची यादी करून घराघरांत जाण्याचा विचार केला? ज्या दिवशी त्या केंद्रांतील जेवण थांबले, त्या दिवशी संध्याकाळी मुलांना भूक लागलीच असेल. सरकार दार बंद करू शकते. बंद दारामागे राहिलेल्या मुलाकडे जायचे काम समाजाचे आहे. १८९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत लाला लजपतराय केवळ मिशनऱ्यांच्या निषेधाची पत्रके काढत बसले नाहीत. त्यांनी हिंदू अनाथ मुलांसाठी मदतकार्य उभे केले, राजपुताना, काठेवाड आणि मध्य प्रांतांत कार्यकर्ते धाडले, मुले आणली आणि आर्यसमाजाच्या फिरोजपूरसारख्या अनाथालयांत त्यांची सोय लावली. निषेध करण्याचा अधिकार त्यांनी आधी कष्टाने मिळवला होता. जो काम करीत नाही, त्याचा निषेध हा केवळ मत्सर ठरतो.

काम करणारी माणसे आपल्यात नाहीत, असे मुळीच नाही. १९५२ साली जशपूरमध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचा प्रारंभ केला. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रान उठवले. अमेरिका-ब्रिटनमधील हिंदू बांधव ‘सेवा इंटरनॅशनल’सारख्या संस्थांतून मायदेशातील मुलांच्या शिक्षणासाठी पैसा पाठवतात. पण म्हणूनच जी कसोटी परक्यांना लावली, ती स्वतःला लावण्याची जबाबदारी अधिक येते. ‘तुमच्या वसतिगृहांतही संस्कार होतातच ना, मग फरक काय?’ असा प्रश्न विरोधक विचारतात. तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर भाषणाने नव्हे, वर्तनाने द्यावे लागेल. आपल्या वसतिगृहातील मूल सुट्टीत घरी गेल्यावर त्याला आपल्या आजीची बोली, आपल्या पाड्याचा देव आणि आपल्या बापाचा व्यवसाय यांची लाज वाटत असेल, तर फलक कोणाचाही असो, आपणही बापाला पुसण्याचेच काम केले आहे.

शहरी मध्यमवर्गाने तर आरशात पाहिलेच पाहिजे. मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करण्याची टूम आता चांगलीच रूढ झाली आहे. चिरंजीवांचा केक कापला जातो, आश्रमातील चाळीस मुले रांगेत उभी राहून टाळ्या वाजवतात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळपर्यंत ती नातेवाइकांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतात. त्या चाळीस मुलांच्या वाढदिवसांच्या तारखा कोणी विचारल्या? वह्यावाटपाच्या समारंभात दोन वह्या देताना प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि प्रायोजक असे तिघे एका वहीला हात लावून उभे राहतात आणि मूल मध्ये अवघडून उभे असते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे, याचा या उत्साहात कोणाला पत्ताही नसतो. परदेशी पाहुण्याचा पंधरवडा आणि आपला एक तास यांत फरक फक्त मुदतीचा आहे.

मदत पोहोचवणाऱ्याने काय करावे?

दुसऱ्याचे दान गरजूपर्यंत नेणारा स्वयंसेवक हा दाता नव्हे. तो टपाल पोहोचवणाऱ्या पोस्टमनसारखा आहे. पाकीट त्याचे नसते, आणि ते पोहोचवल्याबद्दल तो घरच्यांकडून आभाराचे पत्र लिहून घेत नाही. म्हणून परदेशात असो वा स्वदेशात, अशा कामाला निघणाऱ्याने पाच पथ्ये पाळावीत. पहिले, मदत मुलाच्या हाती नव्हे, त्याच्या आई-बापांच्या अथवा सांभाळ करणाऱ्या आजी-काकाच्या हाती जावी; ते हयात असतील तर मूल संस्थेत का, हा प्रश्न आधी विचारावा. दुसरे, मुलाचे छायाचित्र आणि नाव दात्यापर्यंत जाऊ नये. दात्याला हिशेब मिळावा, चेहरा नव्हे. तिसरे, मुलाकडून आभाराचे पत्र लिहून घेऊ नये. चौथे, मदतीला कोणत्याही उपासनेची अट नसावी, आणि ज्याच्या घरी जी उपासना चालते तिला धक्का लावू नये. पाचवे, ज्या कामासाठी तेथील गावातच माणूस मिळू शकतो, त्या कामासाठी बाहेरून पाहुणा जाऊ नये. विमानाच्या तिकिटाच्या पैशात त्या गावातील एखाद्या शिक्षिकेचा काही महिन्यांचा पगार निघतो.

आणि ज्यांना खरोखर सेवाच करायची आहे, त्यांना काठमांडूपर्यंत जाण्याची गरज नाही. मुलाला घरापासून न तोडता कुटुंबातच आधार देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्र शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. नवरा गेलेल्या ऊसतोड मजूर स्त्रीला हे पैसे मिळू शकतात. ते अडतात कोठे? मृत्यूचा दाखला काढलेला नसतो, शिधापत्रिकेत मुलाचे नाव नसते, बँकेत खाते नसते, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. येथे स्वयंसेवक लागतो. एका आईबरोबर ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आणि बालकल्याण समितीपुढे चार वेळा जाणारा, तिचा अर्ज भरून देणारा, आणि पैसे जमा झाले की तिच्या आयुष्यातून शांतपणे बाजूला होणारा कार्यकर्ता हवा आहे. या कामाचे प्रमाणपत्र मिळत नाही. त्याचे छायाचित्र निघत नाही.

एका शाखेने वर्षभरात अशी दहा घरे उभी केली, तर त्या दहा घरांतील मुलांना परदेशी पालकाची गरज पडणार नाही आणि देशी पालकाचीही पडणार नाही. त्यांना त्यांचे स्वतःचे आई-बाप, आजी-आजोबा पुरेसे ठरतील. सेवेचे यश दात्याच्या भिंतीवर किती हसरी मुले टांगली यावर मोजायचे नाही. किती मुले रात्री आपल्याच घरी जेवून, आपल्याच आईच्या कुशीत झोपली, यावर ते मोजायचे आहे.